जास्तीच्या तीन मुठी

एकदा घाटमाथ्यावरच्या एका गावात बिअर करणारा एक वृद्ध राहत असे. दचकू नका. मोड आणून भाजलेले जव, झऱ्याचे पाणी आणि हॉप्सची कडू फुले यांपासून हाताने केलेली, हल्ली जिला क्राफ्ट बिअर म्हणतात, ती ही बिअर. ज्यांना नाक मुरडायचे असेल त्यांनी खुशाल मुरडावे, पण गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी.

या वृद्धाकडे एक शिष्या होती. चांगली पस्तिशीतली, हुशार, कष्टाळू. पण स्वभाव भारी धास्तावलेला. तिने तोवर दोन पिंपे लावली होती आणि दोन्ही आंबट करून ठेवली होती. पिंपाचे झाकण एकदा लावले की पंधरा दिवस तिकडे फिरकायचे नसते. हिला मुळी चैनच पडेना. बुडबुडे येताहेत ना, वास बरा आहे ना, म्हणून दिवसातून चारदा झाकण उघडून डोकावायची. दर वेळी बाहेरची हवा आत शिरायची, आणि जे होऊ नये म्हणून ती डोकावत होती नेमके तेच व्हायचे.

तिसऱ्या पिंपाच्या वेळी वृद्धाने सांगितले, "वीस दिवसांनी शेठ येतोय चाखायला. त्याच्या हॉटेलाला तुझी बिअर पसंत पडली, तर इथून पुढची पिंपं तू एकटीने लावायची, मी लुडबुड करणार नाही. नाही पडली, तर मात्र बाई, हे काम तुझं नव्हे असं मी समजेन."

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. शिष्येने या खेपेला झाकणाला बोट लावले नाही. पण हॉप्सच्या कडूपणाने बिअर आंबण्यापासून वाचते, एवढे तिला ठाऊक होते. पिंपात ओतण्याआधी जवाच्या उकळत्या काढ्यात फुलांच्या तीन मुठी, हे वृद्धाचे माप. तो अंघोळीला गेला तेवढ्यात तिने सहा घातल्या. "कमी पडण्यापेक्षा जास्त बरं," असे स्वतःशीच पुटपुटली आणि वीस दिवस बोटांवर मोजत राहिली.

शेठ यायच्या दिवशी सकाळी वृद्धाने गार बिअरचा एक घोट घेतला. बिअर आंबली नव्हती. तो फक्त "हं" म्हणाला. त्या "हं"चा अर्थ लावता लावता शिष्या अर्धी झाली.

मग त्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. शेठच्या जेवणासाठी मटण परतून ठेवले होते. त्यात पाणी घालायचे सोडून त्याने तिच्या बिअरचे दोन मोठे तांबे ओतले, आच मंद केली आणि अंगणात जाऊन बसला.

"आबा, अहो पाणी आहे की!"

"असू दे. तू लक्ष ठेव."

दीड तासाने तिने रस्सा चाखला आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली. कडूजहर! तिने गुळाचा खडा टाकला, मग दुसरा, मग वाटीभर नारळाचे दूध. पण कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच. तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. "मेले गं बाई!" ती म्हणाली.

शेठने आधी गार पेला संपवला. "वा! दणका आहे. आपल्याला पसंत," तो म्हणाला, आणि शिष्येचा जीव भांड्यात पडला. पण लगेच पाने वाढली गेली. पहिला घास शेठने कसाबसा गिळला, वर पाणी प्यायला आणि जरा वेळाने संकोचून म्हणाला, "आबा, राग मानू नका. वय झालं तुमचं. हात गेला आता. चुलीपुढून उठा."

वृद्ध खाली मान घालून भाकरी मोडत राहिला.

शिष्येने नुसते गप्प बसायचे होते, सगळे मनासारखे झाले असते. पण ज्या माणसाने चाळीस वर्षे गावाला तृप्त केले, त्याने तिच्यापायी हे ऐकून घ्यावे, हे तिला सोसेना.

"शेठ, आबांचा हात नाही गेला. त्या रश्श्यात माझी बिअर आहे. मापाच्या दुप्पट फुलं घातली मी, आबांची नजर चुकवून. आंबेल म्हणून घाबरले होते."

शेठ हसला. "एवढंच ना? अहो, गिऱ्हाईक कुठे मटणात ओतायला जातंय? गार बरी लागते. मी घेतो."

"नको, शेठ. दुसऱ्या पेल्याला लोकांची जीभ मरेल. महिन्याभराने या. नसेल यायचं तर नका येऊ."

शेठ डोके खाजवत निघून गेला. ती तिथेच मटकन बसली आणि रडू लागली. "तुम्हाला माहीत होतं, आबा."

"पहिल्या घोटालाच कळलं," वृद्ध म्हणाला. "गारव्यात कडूपणा दबून राहतो. चुलीवर पाणी आटतं, पण तो आटत नाही, दाटत जातो. भीतीपोटी घातलेली वस्तू अशीच असते. सुखाच्या दिवसांत खपून जाते, आच लागली की तोंड वर काढते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर पुढच्या खेपेला माझ्या धाकाने तू तीन मुठी घातल्या असत्या. एक भीती जाऊन दुसरी आली असती. आज हातचं सगळं जाणार हे दिसत असताना तू तोंड उघडलंस. शेठ येवो न येवो, पुढचं पिंप तू एकटीने लाव."

तिने डोळे पुसले. "आणि पुन्हा भीती वाटली तर?"

"वाटणारच. ती आता घरचीच झाली. तिला बसायला पाट दे, प्यायला पाणी दे. फुलांच्या पोत्याला मात्र हात लावू देऊ नकोस."

शिष्येने उठून रिकामे पिंप धुवायला घेतले. भीती होती तिथेच होती, पण तिला घेऊनही उठता येते, हे तिला उमगले.

आपणही लेकरांच्या ताटात, संसारात, कामात भीतीपोटी दुप्पट घालतो, आणि त्याला काळजी घेणे म्हणतो.