मागून दिसणारा टायर

मोटारसायकलचे भाग आपसांत बोलायचे, तेव्हाची गोष्ट. मुनीर मिस्त्री म्हणाला, "शार्दूलभाऊ, एवढा रुंद टायर चेनला घासेल."

गाडीमागे उभा राहून शार्दूल म्हणाला, "घासू दे. मागून कसली भारी दिसतेय!"

घाटात चेन कळवळली, "बाबा रे, जरा सरक."

"कुठे सरकू? रिमनं दोन्हीकडून आवळलंय. माझीही कड सोलतेय," टायर म्हणाला.

परत येईपर्यंत दोघंही झिजली. गॅरेजच्या पत्र्यावर वजन म्हणून टाकलेल्या, याच गाडीच्या जुन्या टायरनं विचारलं, "माझं काय चुकलं होतं?"

"काहीच नाही," गाडी म्हणाली. "वळणावर तूच मला सांभाळायचास. पण शार्दूल बघतो गाडी उभी असताना."

तेवढ्यात शार्दूल म्हणाला, "मिस्त्री, हा सोलला. आता याहून रुंद दाखवा."