साठ दोरे, अकरा शेळ्या

एका गावात एक भोळा कासार होता. नाव गेनू. भोळा किती, तर सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तस्संच करायचा. त्याची बायको हौसा या भोळेपणाला कंटाळून माहेरी जाऊन बसली होती. सासरे म्हादबा, त्यांनी निरोप धाडला, "जावई ज्या दिवशी एक काम धड करतील, त्या दिवशी लेक नांदायला पाठवीन."

गेनूचा तर सगळा जीव हौसावर. तिच्याशिवाय त्याला भाकरी गोड लागेना. रोज उठून आईला म्हणायचा, "आई, एखादं धड काम सांग की गं."

आणि काम आलं. पाटलांच्या लेकीचं लग्न ठरलं. भावकीतल्या साठ बायकांना बांगड्या भरायच्या होत्या. बांगडी लहान आणली तर फुटणार, मोठी आणली तर गळून पडणार. गेनूची आई ठकूबाई म्हणाली, "जा, साठजणींच्या हाताची मापं घेऊन ये."

गेनू गेला. एकेकीच्या हाताला दोरा गुंडाळला, कापला, पिशवीत टाकला. घरी येईतो साठ दोऱ्यांचा असा गुंता झाला की टोक सापडेना.

"अरे देवा! अशी सुटी मापं आणतात होय?" आईनं कपाळाला हात लावला. "सारख्याला सारखं लावायचं. पाच-पाचाची जुडी बांधायची. म्हणजे कुठलं किती ते एका नजरेत कळतं."

"आता तस्संच करतो," गेनू म्हणाला.

दिवस मावळायला आई म्हणाली, "गेनू, कोंबड्या कोंड रे." गेनूनं तांबडीला तांबडी लावली, पांढरीला पांढरी लावली आणि सुतळीनं पाच-पाचाचे पाय बांधून जुड्या केल्या. कोंबडा एकटाच उरला. तो छपरावर चढून असा बोंबलला की सगळी आळी गोळा झाली.

"मुडद्या, जित्या जिवाला बांधतोस?" आई ओरडली. "जितं असेल ते बांधायचं नाही, मोजायचं. हे बघ!" तिनं कोळसा घेऊन भिंतीवर रेघा ओढल्या. "चार उभ्या, पाचवी आडवी. झाले पाच."

"आता तस्संच करतो," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या अंगणात जाऊन त्यानं चार बायकांना ओळीत उभं केलं. पाचवी होती पाटलांची आत्या. अंगानं चांगली भरलेली.

"आत्याबाई, तुम्ही आडव्या व्हा."

"का रे बाबा?"

"तुम्ही पाचव्या."

आत्याबाईंनी पायातलं हातात घेतलं. गेनू जो पळाला तो घरी येऊन चुलीमागे बसला.

शेवटी आई स्वतः त्याच्याबरोबर गेली. ती हात बघून माप सांगायची, गेनू कोळशानं त्या मापाखाली रेघ मारायचा. संध्याकाळपर्यंत साठ रेघा झाल्या. सव्वादोन मापाच्या सतरा, अडीचच्या बेचाळीस, आणि पावणेतीनची एक. ती आत्याबाईंची.

"आता डोकं ठिकाणावर ठेवून ऐक," आई म्हणाली. "जास्त निघालं ते जास्त आण, कमी निघालं ते कमी. आणि एकटं निघेल ते गाळायचं. एकटीसाठी कोणी गाडी भरत नाही. आत्याबाईचा जोड माझ्या पेटीत आहे."

"आता तस्संच करतो," गेनू म्हणाला.

आणि काय सांगू, त्यानं खरंच तस्संच केलं! पेठेतून मोजून माल आणला. साठजणींचे हात भरले, एक बांगडी फुटली नाही. पाटलांनी गेनूला फेटा बांधला. सासऱ्यांचा निरोप आला, "जावईबापू, गाडी घेऊन या!"

गेनू तोच फेटा बांधून गेला. दारात हौसा उभी. अंगावर नवं लुगडं, हातात गाठोडं. तिला बघून गेनूला काय आनंद झाला म्हणता! "आले हं, देवाच्या पाया पडून," असं म्हणून ती आत गेली. आईबापही तिच्यामागून आत गेले.

गेनू अंगणात एकटा. त्याला आईचं सांगणं आठवलं. त्यानं कोळसा काढला आणि सासऱ्यांच्या भिंतीवर रेघा मारल्या. सासरे, एक. सासूबाई, एक. हौसा, एक. परसातल्या शेळ्या, चार उभ्या, पाचवी आडवी. परत चार उभ्या, पाचवी आडवी. वर एक.

गेनूनं ती भिंत दोनदा वाचली. त्याला रडू आलं. पण आईचा शब्द म्हणजे शब्द.

इकडे ठकूबाई सुनेवरून ओवाळून टाकायला भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. गाडी आली. आतून एकेक करून अकरा शेळ्या उतरल्या. पहिलीनं भाकरतुकडा खाल्ला.

"अरे गेन्या, सून कुठाय माझी?"

गेनूनं फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

"आई, ती एकच निघाली गं. गाळली."