जाखाईचा वाकडा बांध

चपला काढा आधी. हो, बांधावरसुद्धा. आणि हसू नका! येणारा प्रत्येक जण इथं हसतो. एवढा मोठा दगडी बांध आणि मधेच कोपरात दुमडलेल्या हातासारखा वाकलेला. गवंड्याचा दोरा चुकला, असंच वाटलं ना तुम्हाला? चुकला नाही, मुद्दाम वाकवलाय.

सिदोजी पाथरवट नावाचा कारागीर होता म्हणे. भारी चोखंदळ गडी. दोन उन्हाळे नुसता कोरड्या नदीत दोरी धरून उभा. चिखलाचा छोटा बांध करायचा, घागरभर पाणी सोडायचं, मोडायचा, पुन्हा करायचा. बाया कोसभरावरून पाणी आणत होत्या आणि हा आपला चिखलात खेळतोय! गाव वैतागलं. पण सगळं ठरल्याशिवाय दगडाला हात लावणार नाही, हा त्याचा हेका. नदीत जागोजागी खड्डे घेऊन त्यानं खडक पाहिला. एकच जागा सोडली. पात्राच्या मधोमध जाखाईचा तांदळा होता, म्हणजे शेंदूर लावलेला देवीचा दगड. देवीच्या बुडाशी पहार कोण लावणार? दोन्ही बाजूंना खडक लागलाय म्हणजे मधेही असणारच, असं त्यानं धरून टाकलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात काम निघालं. दोन्ही काठांकडून भिंती उभ्या राहिल्या, मधली खिंड तेवढी उरली. वैशाख संपता संपता देवीला कौल लावला, तांदळा उचलून काठावर नेला आणि सिदोजीनं पहार मारली. ती वाजलीच नाही. मुठीपर्यंत आत गेली. खाली नुसती वाळू!

वर डोंगराकडं आभाळ काळंकुट्ट झालं होतं, गडगडत होतं.

रायाजी पाटील म्हणाले, "भर दगड. जाखाई सांभाळून घेईल."

सिदोजीला मात्र कळून चुकलं होतं. वाळूवर खिंड भरली तर पाणी तुंबेपर्यंत बांध टिकेल आणि मग अख्खाच्या अख्खा सुटेल. खिंड तशीच ठेवली तरी एवढा पूर तिच्यातून जायचा नाही, मागं तळं साचून भिंतीसकट खाली येईल. खाली वाडी होती. वाडीत त्याची लेक सोयरा ओली बाळंतीण होती. वाडी हलवायला आता वेळ कुठला?

त्यानं घण उचलला आणि आपल्याच भिंतीवर घातला. लोक धावले. "वेड लागलं का रे? गावाचं पाणी फोडतोस?" कुणी काठ्या उगारल्या. पाटील भिंतीला पाठ लावून आडवे उभे राहिले.

सिदोजी म्हणाला, "पाटील, खाली माझी लेक आहे. तुमचं कोण आहे खाली?"

पाटलांचं खाली कुणी नव्हतं. त्यांनी पटका सोडून बाजूला ठेवला आणि भिंतीचा पहिला दगड स्वतःच ढकलला, असं सांगतात. मग काय, सगळं गाव तुटून पडलं. घाम निथळत होता आणि सिदोजी लहान पोरासारखा रडत होता म्हणे. अर्धीअधिक भिंत पडली तोच लोंढा आला. पाणी पसरत गेलं, वाडीच्या अंगणात शिरलं, पण उंबरा काही ओलांडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं चिखलाला हात लावला नाही. आधी पहार घेतली, वाळूच्या कडेकडेनं खडक शोधत गेला आणि खडक वळला तिथं बांध वळवला.

आजही आमच्या गावात घर बांधायचं तर पहिला खड्डा घेतात, तोही देवघर यायचं त्याच जागी, कारण नेमकं तिथंच खणायला कुणाचा हात धजत नाही आणि तीच जागा बघायची राहते. जमलेली माणसं मालकाला विचारतात, "खाली तुझं कोण आहे?" घरातल्या सगळ्यात लाडक्या माणसाचं नाव मोठ्यानं घ्यायचं, मग पहार मारायची.

माझ्या घराच्या वेळी मी नातीचं नाव घेतलं. पोरगा चिडला होता. "आबा, नकाशा मंजूर होऊन आलाय, आता कशाला उकरताय?"

पहार मुठीपर्यंत गेली. पोरानं माझ्याकडं पाहिलं, पोरीला कडेवर घेतलं आणि नकाशा गुंडाळून ठेवला.