पडद्याआडचा ॲम्प्लिफायर

माहेरून मी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हाताने जोडलेला ॲम्प्लिफायर आणला, तर मामंजी म्हणाले, "हा डबा माळ्यावर टाका. माझ्या परदेशी ॲम्प्लिफायरपुढे हा नुसता खोकेल!"

मी हळूच म्हटलं, "पडद्याआडून दोनदा ठुमरी लावते. कधी कोणता वाजला ते ओळखलंत, तर मीच माळ्यावर ठेवीन."

ठुमरी दोनदा वाजली. मामंजींनी डोळे मिटून मान डोलावली. "पहिला तुझा, पत्र्यासारखा. दुसरा माझा. काय तो गोडवा!"

मी पडदा सारला. "मामंजी, दोन्ही वेळा अण्णांचाच वाजला. तुमच्याचा प्लग काढून मी सकाळीच तिथे इस्त्री लावली. तुमचा हा सदरा तिनेच कडक झालाय."

मामंजींनी बाही चाचपली आणि ते खो खो हसले. "सूनबाई, डबा इथेच राहू दे. आणि तो गोडवा परत लाव!"