मेथीच्या जुडीसाठी आईचं माहेर

घरपोच भाजीच्या ॲपचे मालक दिगंबर टिपणीस वसाहतीत आले ते मंत्र्याच्या थाटात. नाव नोंदवायचं तर आधार, फोटो, जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, सगळं हवं. का, तर ओळख पटायला हवी! जणू मेथीची जुडी कुणी तोतयाच पळवून नेणार होता.

मंडई लांब, म्हणून लोकांनी निमूट फॉर्म भरले. टपाल वाटण्यात तीस वर्षं घालवलेल्या कुमुदताई मात्र गुडघे दुखत असूनही अडून बसल्या.

"आजी, माहिती आमच्याकडे कडेकोट बंद असते. उघडून कुणी बघतसुद्धा नाही," टिपणीस म्हणाले.

"मग हरकत नाही." कुमुदताईंनी घरातून डिंकानं चिकटवलेलं पाकीट आणून दिलं. "माझी सगळी माहिती यात आहे."

टिपणिसांनी सगळ्यांदेखत पाकीट टरकन फाडलं आणि आतली चिठ्ठी ऐटीत मोठ्यानं वाचली:

"उघडलंतच ना? मेथी घर क्रमांक चारला पाठवा."

लोक आपापले फॉर्म परत ओढू लागले. कुमुदताई म्हणाल्या, "पत्ता पुरतो हो. तीस वर्षं मी एकही पाकीट न फोडता टपाल पोचवलंय."