दवपरीचं बी

करवंदीच्या जाळ्यांनी भरलेल्या एका हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी मंजुळा नावाची मुलगी राहत होती. तिचं घर म्हणजे गवताच्या छपराची एक खोली, आणि खोलीमागे खडकाळ जमिनीचा एवढासा तुकडा. घरात माणसं दोनच, मंजुळा आणि तिची आई सगुणा.

सगुणा फुलांच्या माळा करायची. पांढरी जाई, पिवळी शेवंती, केशरी अबोली अशी फुलं तिच्या बोटांतून सुटली की दोऱ्यावर जणू इंद्रधनुष्य उतरायचं. देवळाच्या पायऱ्यांवर माळा घेऊन बसलं की लोक टोपलीत तांदूळ घालायचे, डाळ घालायचे, कुणी गुळाचा खडा मंजुळाच्या हातावर ठेवायचं. दोघींचं छान चाललं होतं.

मग एका वर्षी सगुणाला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिच्या डोळ्यांतला उजेड घेऊन गेला. तिला आता सगळीकडे राखाडी धुकं दिसायचं. हाताला सवय होती म्हणून ती अजूनही माळा ओवायची. जाई कुठली आणि मोगरा कुठला हे तिला वासावरून कळायचं, पण रंग काही वासावरून कळत नाहीत. पांढऱ्याशेजारी पांढरंच यायचं, केशरी सगळं एका टोकाला जायचं. देवळात येणारे लोक हळूहळू दुसऱ्यांच्या माळा घेऊ लागले. कितीतरी संध्याकाळी घरात नुसती पातळ पेज असायची. मंजुळा आपल्या वाडग्यातली थोडी पेज गुपचूप आईच्या वाडग्यात ओतायची, आणि आई म्हणायची की आज पेज फार झाली आहे, तूच घे.

मंजुळा पहाटे उठून डोंगरावरच्या जुन्या बागेत फुलं वेचायला जायची. ती बाग कुणाचीच नव्हती, म्हणून ती फुलपाखरांची होती आणि बुलबुलांची होती. मंजुळा फुलं घ्यायची ती उमललेलीच. कळीला ती हात लावत नसे, आणि कोणतंही झुडूप कधी पूर्ण ओकंबोकं करत नसे. दोन फुलं झाडाला राहू द्यायची, मग पुढे जायची.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. बाग सुकून तांबूस पिवळी पडली होती. एका सकाळी मंजुळाला दगडाच्या फटीत कुंदाचं पिटुकलं रोप दिसलं. त्याची पानं कागदासारखी वळली होती. मंजुळाकडे तिचं प्यायचं पाणी होतं, छोट्याशा तांब्यात, दुपारपर्यंत पुरेल इतकंच. तिने ते सगळं रोपाच्या मुळाशी हळूहळू ओतलं, आणि तांब्याच्या तळाशी राहिलेले थेंब पानांवर शिंपडले.

त्यातला एक थेंब पानावरून घरंगळला नाही. तो चमकायला लागला. आधी चांदीसारखा, मग मोरपिसासारखा निळा, मग शिंपल्यासारखा गुलाबी. आणि बघता बघता पानाच्या बेचक्यात एक इवलीशी परी उठून बसली. करंगळीच्या नखाएवढे तिचे पंख होते आणि कोळ्याच्या जाळ्याइतका तलम तिचा झगा होता.

मंजुळाने श्वास रोखून विचारलं, "तू कोण गं?"

"मी दवपरी," ती म्हणाली. तिचा आवाज पाण्यात खडा पडल्यासारखा मंजुळ होता. "उन्हाळ्यात दव पडत नाही, म्हणून मी या रोपात निजले होते. रोप सुकलं असतं तर मीही सुकले असते. तू तुझी तहान मला दिलीस. आता तुला काय हवं ते माग."

मंजुळाला विचार करावा लागला नाही. ती म्हणाली, "माझ्या आईला दिसू दे."

परीने झग्याच्या घडीतून एक बी काढलं. मोहरीएवढं, करड्या रंगाचं, अगदी साधं बी. ती म्हणाली की परीजवळ तयार झालेलं काहीच नसतं, तिच्याजवळ फक्त बिया असतात. इच्छा मातीत पेरावी लागते आणि ती आपल्या वेळेला उगवते. कधी, ते परीलासुद्धा ठाऊक नसतं.

"आणि याचे नियम आहेत," दवपरी म्हणाली. "रोज सकाळी तुझ्या हाताने पाणी घाल. उगवलं का हे बघायला माती उकरू नकोस. आणि मनात राग असेल तेव्हा पाणी घालू नकोस. आधी राग खाली ठेव, मग कळशी उचल."

एवढं बोलून ती पुन्हा पानाच्या बेचक्यात शिरली आणि साधा थेंब होऊन निजली.

मंजुळाने घरामागच्या खडकाळ तुकड्यातले दगड वेचून बाजूला केले, ओढ्याकाठची काळी माती टोपलीने आणून घातली, आणि मधोमध ते बी लावलं. मग रोज सकाळी ओढ्यावरून कळशी भरून आणायची आणि तिथे पाणी घालायचं, हा तिचा नेम झाला. आईला तिने परीची गोष्ट सांगितली. आईने ती सगळी ऐकून घेतली, हसली, आणि म्हणाली की बी पेरलं आहेस ना, मग आता आपलं काम पाणी घालायचं, उगवायचं काम बियाचं.

दिवस गेले. माती तशीच काळी आणि गप्प. शेजारच्या गयाकाकू कुंपणाशी उभ्या राहून बघायच्या. त्या एकट्याच राहायच्या, आणि त्यांची जीभ मिरचीसारखी तिखट होती. खडकात पाणी ओतून का कधी बाग होते, असं त्या येता जाता म्हणायच्या. गावातली मुलं तर हसून हसून लोटपोट व्हायची. ती विचारायची, आज तरी तुझा चिखल उगवला का?

एकदा मंजुळाला फार वाटलं, थोडीशी माती बाजूला करून बघावी. अगदी थोडीशी. तिची बोटं मातीला लागलीसुद्धा. पण तिला वाटलं, मी झोपलेली असताना कुणी माझं पांघरूण ओढलं तर मला कसं वाटेल? तिने बोटं मागे घेतली आणि मातीवर आपला गाल टेकवला. माती गार होती आणि तिला छान वास येत होता. काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. तरी मंजुळाला वाटलं की खाली कुणीतरी आहे. त्या दिवसापासून तिला उकरावंसं वाटलं नाही.

कळशीत पाणी उरायचं. ते ती वाटेवरच्या झाडांना घालू लागली, कुणाच्या शेवग्याला, कुणाच्या तगरीला. तसं कुणी तिला सांगितलं नव्हतं. पाणी उरलं होतं आणि झाडं तहानलेली होती, एवढंच.

आणि एका सकाळी काळ्या मातीतून एक हिरवा ठिपका वर आला. टाचणीच्या डोक्याएवढा, पोपटाच्या पिसाच्या रंगाचा. मंजुळा तिथेच बसून राहिली. मग तिने आईला हात धरून आणलं आणि आईचं बोट हळूच त्या ठिपक्याला लावलं. "आहे गं, आहे," आई पुटपुटली, आणि तिच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

पावसाळ्यात रोप मंजुळाच्या गुडघ्याला लागलं. त्याची पानं हृदयाच्या आकाराची होती आणि कडांना रुपेरी रेघ होती. पावसाळा सरला तेव्हा शेंड्याशी एक कळी धरली, मोत्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा कळशी घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली. रोपाजवळ गयाकाकूंची चांदी नावाची शेळी उभी होती. कळी नव्हती, शेंडा नव्हता, पानं नव्हती. एक बोडका बुंधा तेवढा उरला होता, आणि चांदी शांतपणे शेवटचं पान चावत होती.

मंजुळाला भयंकर राग आला. तिने कळशी उचलली, पण तिला नियम आठवला. तिने कळशी ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. राग काही खाली ठेवता येईना. रडत रडत ती आईकडे गेली. आता सगळं संपलं, असं ती म्हणाली. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला रडू दिलं. मग आई म्हणाली, "राग मांडीवर घेऊन बसलं की तो मोठा होतो, बाळ. ज्यांच्यावर आलाय त्यांच्याकडे जा. बोल त्यांच्याशी."

मंजुळा तावातावाने गयाकाकूंच्या दारात गेली. काय काय बोलायचं ते तिने मनात जुळवलं होतं. पण दार नुसतंच लोटलेलं होतं, आणि आत गयाकाकू घोंगडीखाली कण्हत पडल्या होत्या. तापाने त्यांचा चेहरा लाल झाला होता. दोन दिवस उठता आलं नाही, असं त्या म्हणाल्या. शेळीला चारा घालता आला नाही, दावं सुटलं ते बांधता आलं नाही. घरात पाण्याचा थेंब नव्हता.

मंजुळा ठरवलेलं सगळं विसरली. आईचा ताप तिने पाहिला होता. तिने आधी ओढ्याचं गार पाणी आणून काकूंच्या कपाळावर पट्टी ठेवली. चूल पेटवून पेज केली, ती फुंकून फुंकून चमच्याने भरवली. चांदीला बांधून तिच्यापुढे गवत टाकलं. मग घरी जाऊन आईला सांगितलं. आई चाचपडत आली आणि काकूंचे पाय चेपत बसली. ताप उतरेपर्यंत मायलेकी तिथेच होत्या.

उन्हं कलली तेव्हा मंजुळा घरी परतली. घरामागे कळशी तशीच भरलेली होती. ती उचलताना तिच्या लक्षात आलं की राग कुठेच नाही. कधी गेला, कुठे गेला, तिला कळलंच नव्हतं. तिने त्या बोडक्या बुंध्याला पाणी घातलं, जसं रोज घालायची तसं. त्याला पान एकही नव्हतं. तरीही घातलं. दुसऱ्या दिवशीही, आणि त्यानंतरही रोज.

गयाकाकू बऱ्या झाल्या तेव्हा त्यांना शेळीने काय केलं ते कळलं. त्या तडक डोंगरावर गेल्या, करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून आणल्या, आणि त्या जागेभोवती घट्ट कुंपण घातलं. फांद्या रोवता रोवता त्यांच्या हातांना ओरखडे पडले. मंजुळाने त्यांना हळद लावली.

आणि मग तो बुंधा फुटला. एका जागी नाही, कितीतरी जागी. शेंडा खुडला गेला होता म्हणून सगळ्या बाजूंनी फांद्या आल्या, आणि जिथे एक कळी होती तिथे कळ्यांचे झुबकेच्या झुबके लागले. थंडी पडली. घरामागचा खडकाळ तुकडा हिरव्या छत्रीसारख्या झाडाने झाकून गेला.

एका धुकट पहाटे मंजुळा आली तर सगळ्या कळ्या उमललेल्या. फुलं पांढरी, आत किंचित गुलाबी, आणि प्रत्येक फुलात दवाचा एक टपोरा थेंब. सगळ्यात वरच्या फुलात दवपरी बसली होती. ती आता साधा थेंब राहिली नव्हती. तिच्या पंखांतून सोनेरी, जांभळे, हिरवे कण झरत होते.

"आईला घेऊन ये," ती म्हणाली. "ऊन यायच्या आत."

मंजुळाने आईला आणलं. गयाकाकूही मागून आल्या. परीने सांगितलं तसं मंजुळाने एक फूल वाकवलं आणि त्यातला दव आईच्या मिटलेल्या पापण्यांवर ओघळू दिला. एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर.

सगुणाने डोळे उघडले. आधी तिला पांढरं दिसलं, मग त्यातलं गुलाबी. मग हिरवं. मग तिची नजर खाली आली आणि मंजुळावर थांबली. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"मंजू," ती म्हणाली, "केवढी मोठी झालीस गं तू."

मंजुळा आईला बिलगली. गयाकाकू पदराने डोळे पुसत होत्या.

मंजुळाने परीकडे बघून विचारलं की चांदीने रोप खाल्लं त्या दिवशीच सगळं संपायला हवं होतं ना? दवपरी हसली. "बी मी एकच दिलं होतं," ती म्हणाली. "ते मातीतही रुजलं आणि तुझ्यातही. मातीतलं शेळीने खाल्लं. तुझ्यातलं खायला तिला दात कुठे होते?"

डोंगराआडून सूर्याची पहिली तिरीप आली. ती झाडावर पडताच फुलाफुलांतले थेंब एकदम पेटल्यासारखे झाले, लाल, निळे, पिवळे, सोनेरी. क्षणभर साऱ्या अंगणात प्रकाशाची कारंजी उडाली. त्या झगमगाटात दवपरीचे पंख दिसले, मग फक्त त्यांची चमक, मग नुसतं कोवळं ऊन.

त्या झाडाची फुलं गावात ज्याने मागितली त्याला मिळाली. आधी हसणाऱ्या मुलांनी त्याच्या बिया नेऊन आपापल्या परसात लावली, आणि मंजुळाने त्यांना पाणी कसं घालायचं ते शिकवलं. सगुणाच्या माळा पुन्हा रंगीत झाल्या, आणि शेजारी बसून गयाकाकू तिला फुलं निवडून देऊ लागल्या. त्या अजूनही तिखटच बोलायच्या, पण आता त्यावर सगळ्यांत आधी हसायच्या त्या स्वतःच.