दामाशेटच्या बदली बसलेले बाळंभट

हळदीच्या बाजारपेठेच्या एका गावात दामाशेट नावाचा एक व्यापारी राहत होता. घर भरलेलं होतं, नाव होतं, फक्त दोन घटका बसायला फुरसत नव्हती. त्यावर त्यानं एक सोय काढली होती. देवाधर्माचं जे काही असेल ते त्याच्या वतीनं दुसऱ्यानं करायचं. जप घरचे भटजी बाळंभट करायचे. देवळाला प्रदक्षिणा गडी घालायचा. एकादशीला आचारी उपाशी राहायचा आणि शेट त्याच्याच हातची पुरणपोळी खायचा. पुण्य मात्र शेटच्या नावावर! देवानं कधी तक्रार केली नाही, म्हणून शेटला वाटलं, देवाला हे पसंत आहे.

पण शरीर काही देवाइतकं सोशिक नसतं. शेटच्या छातीत धडधड सुरू झाली. झोप उडाली. जरा काही झालं की डोक्यात भडका उडायचा. एकदा आमटीत मीठ कमी पडलं, तर त्यानं ताट भिंतीवर फेकलं. समोर त्याची लहानगी लेक मैना जेवत होती. तिचा घास तोंडातच राहिला. तेव्हापासून बापाची चाहूल लागली की पोर आईच्या पदराआड दडायची.

त्याची बायको सरूबाई मोठी खंबीर. तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि सरळ माहेरची वाट धरली. जाताना एवढंच म्हणाली, "पोरीला धास्ती घालणाऱ्या घरात मी राहायची नाही. जीव थाऱ्यावर आला की न्यायला या. त्याआधी आलात तर दार उघडणार नाही."

शेट हादरला. तडक येसूबाई वैदिणीकडे गेला. म्हातारीनं नाडी पाहिली, एक काढा दिला आणि म्हणाली, "नुसत्या काढ्यानं भागायचं नाही. रोज पहाटे तंबोरा लावायचा. डोळे मिटून त्याच्यापाशी बसायचं. श्वास पुरेल तोवर 'सा' धरायचा. मग गप्प बसून आपलाच श्वास ऐकायचा. बाकी काही करायचं नाही."

"एवढंच ना?" शेट म्हणाला, आणि घरी येऊन त्यानं काय करावं? बाळंभटांना तंबोऱ्यापाशी बसवलं!

बाळंभट इमानी माणूस. रोज पहाटे तंबोरा छेडायचे, 'सा' लावायचे, शांत बसायचे. शेट तेव्हा पेठेत सौद्यावर ओरडत असायचा. महिना उलटला. बाळंभटांची जुनी धाप कमी झाली. यजमानांशी उठसूट भांडणारा हा माणूस हसतमुख झाला. दुपारी सतरंजीवर पाठ टेकली की बाळंभट घोरायला लागायचे. ते घोरणं ऐकून शेटच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण त्याची स्वतःची धडधड वाढतच चालली होती.

शेवटी तो बाळंभटांना घेऊन वैदिणीकडे गेला. "म्हातारे, तुझा उपाय खोटा! रोज नेमानं चाललाय, पण गुण कसला तो नाही."

येसूबाईनं दोघांच्या नाड्या पाहिल्या. "गुण आलाय की! बसला त्याला आलाय."

"पण बसवलं मी!"

"मग उद्या भूक लागली की जेवायलाही यांनाच बसव. तुझं पोट भरतंय का बघू." मग तिचा आवाज उतरला. "दामा, खरं सांग. तुला बसायची भीती वाटते ना?"

शेटची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतः तंबोऱ्यापाशी बसला. तारा बाळंभट छेडत होते. शेटनं 'सा' लावला, तो फाटकाच निघाला. अंगाला मुंग्या आल्यासारखं झालं. उठावं, पेठेत जावं, कोणावर तरी ओरडावं असं वाटलं. तरी तो बसून राहिला. आणि त्या शांततेत त्याला भिंतीवर आपटलेलं ताट ऐकू आलं. पोरीचा तोंडात राहिलेला घास दिसला. यालाच तर तो इतके दिवस चुकवत होता. शेट ढसाढसा रडला. बाळंभटांनी तारा छेडणं थांबवलं नाही. ते फक्त म्हणाले, "रडून घ्या. मग पुन्हा लावा."

त्यानं पुन्हा लावला. रोज लावत गेला. काढाही सोडला नाही. एका दिवसात काही पालटलं नाही, पण हळूहळू श्वास लांबला, झोप लागायला लागली. राग येई, पण तो जिभेवर येण्याआधी कळायला लागला.

मग तो सासुरवाडीला गेला. मैना आईमागे दडली. शेटनं तिला हाक मारली नाही, खाऊचं आमिष दाखवलं नाही. ओसरीवर मांडी घातली, डोळे मिटले आणि हलकेच 'सा' धरला. पोर कान देऊन ऐकत राहिली. एक पाऊल पुढे आली, मग आणखी एक. शेवटी तिनं आपला इवला तळहात त्याच्या छातीवर ठेवला.

"बाबा, तुमच्या आत भुंगा आहे?"

शेट हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "आहे गं. पण आता चावत नाही."

सरूबाई हे दारातून बघत होती. ती आत गेली आणि गाठोडं बांधायला घेतलं. बांधता बांधता तिनं बजावलं, "घरी पुन्हा ताट उडालं, तर ही वाट मला पाठ आहे!"

"उडणार नाही," शेट म्हणाला. "आणि उद्या पहाटे तूही बस माझ्याशेजारी."

तात्पर्य: सुरांनी आणि ध्यानानं मन निवतं, पण ज्याचं त्यालाच बसावं लागतं. आपल्या बदली दुसरा माणूस बसवून कोणाचंही दुखणं बरं होत नाही.